चिंचोक्याएवढा रंग

मी एक जुना रंग आहे, मित्रांनो. भिंतीचा नाही, साडीचा नाही, चित्रकलेच्या पेटीतलाही नाही. मी एका बाईच्या खालच्या ओठात, डाव्या बाजूला राहतो. माझी जागा चिंचोक्याएवढी. बाईचं नाव वेणू आणि गाव बदलापूरच्या कडेचं खरवई. मला इथे येऊन तीन वर्षं झाली आणि खरं सांगायचं तर मी आता फार थकलो आहे. ओठात राहणं म्हणजे दारात राहणं. आत जाणारा प्रत्येक घास आणि बाहेर पडणारा प्रत्येक शब्द माझ्या अंगावरूनच जातो. सकाळचा कढत चहा, दुपारचं सुक्या बोंबलाचं कालवण, शेजारणीशी तंटा, देवाचं नाव, सगळं माझ्यावरून. विसावा असा नाहीच. माझ्यासारख्या रंगाचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं असतं आणि माझं संपत आलं आहे. म्हणून म्हटलं, जाता जाता तुम्हाला आपली हकिकत सांगून टाकावी.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, मला ठाऊक नाही. मला समज आली तेव्हा मी करंगळीएवढ्या एका बाटलीत होतो आणि ती बाटली उल्हासनगर कॅम्प एकमध्ये हिमानीच्या पार्लरातल्या फळीवर उभी होती. खाली कापडाचं दुकान, अरुंद जिना चढून गेलं की दोन खुर्च्या, एक उंच पलंग आणि एक मोठा दिवा, एवढंच ते पार्लर. हिमानी सिंध्यांची मुलगी. ओठांत आणि भुवयांत सुईनं रंग भरायचं काम ती करते. त्याला तिथे लिप टॅटू म्हणतात. फळीवर माझ्या शेजारी गुलाबी होता, डाळिंबी होता, पिकल्या चेरीसारखा लाल होता. त्यांची चैन होती. लग्न ठरलेल्या मुली यायच्या, मोबाईलमधला कुणाचा तरी फोटो दाखवायच्या आणि म्हणायच्या, ‘दीदी, सेम असे लिप्स पाहिजेत.’ मी आपला तपकिरी, विटकरीकडे झुकलेला. मला कोण विचारतो? महिन्यातून एकदा हिमानी फडक्यानं माझ्या बाटलीवरची धूळ पुसायची, तेवढाच माझा मानपान.

एके दिवशी दुपारी जिज्ञासा नावाची मुलगी आपल्या काकीला घेऊन जिना चढून आली. काकी म्हणजेच वेणू. पन्नाशीची, अंगानं काटक, आणि तोंडावर सतत पदर. हिमानीनं पदर बाजूला करायला सांगितला तेव्हा तिच्या ओठावरचा तो पांढरा डाग मी पहिल्यांदा पाहिला.

हिमानीनं फक्त ‘डाग कधीपासून आहे?’ एवढंच विचारलं होतं. पण त्या खुर्चीत बसलं की बायकांची तोंडं सुटतात. वेणूनं पाच वर्षांचा पाढा वाचला.

वेणू धवलारीण. आगरी लग्नात हळदीला बसून धवला गाणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. गावदेवीपासून घरातल्या मेलेल्या पणज्यापर्यंत सगळ्यांना ती नाव घेऊन मांडवात बोलावते. हातात कागद नाही, पुस्तक नाही, सगळं तोंडपाठ. वेणू हे सासूकडून, कौसाबाईकडून शिकली. वीस वर्षं आसपासच्या गावांत तिच्याशिवाय हळद लागली नाही. मग ओठावर पांढरा ठिपका आला आणि हळूहळू चिंचोक्याएवढा झाला. डॉक्टरांनी सांगितलं, हे कोड आहे. कातडी आपला रंग सोडते, बाकी काही नाही. लागट नाही, दुखत नाही, कुणाचं वाईट होत नाही. पण मांडवात बसलेली माणसं डॉक्टरांना विचारून बसलेली नसतात. एका हळदीत तिची नणंद भागीरथी, जी वांगणीला दिलेली आहे, सगळ्यांसमोर म्हणाली, “वयनी, तू मागं बस. नवरीसमोर असला तोंड नको.” वेणू मागे बसली ती मागेच राहिली. बोलावणी कमी होत होत बंद झाली. गाणारं तोंड पदराआड गेलं.

आता जिज्ञासाचं लग्न पाच आठवड्यांवर आलं होतं. जिज्ञासा ही वेणूच्या दिराची, हरिचंद्रची मुलगी. लहानपणी तिला वेणूनंच धवला गाऊन झोपवलेलं. “काकी धवला बोलनार नसंल तं मी हलदीला बसनारच नाय,” असं ती बापाला ठणकावून आली होती. हरिचंद्र माणूस वाईट नाही, पण बहिणीला टरकून असतो. त्यानं आपल्या परीनं वाट काढली. “डाग दिसला नाय, तं भागी पन काय बोलनार नाय,” तो म्हणाला. त्या एका वाक्यावर, मित्रांनो, माझं नशीब ठरलं.

हिमानी घाईची बाई नाही. तिनं आधी कातडीच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. डाग दोन वर्षं वाढलेला नाही, रंग भरायला हरकत नाही, असं त्यात लिहून आणल्यावरच पुढची बोलणी झाली. पाच आठवडे हे ऐकून तिनं बोटांवर दिवस मोजले. “पुरा सेट व्हायला सहा लागतात, काकी,” ती म्हणाली. “पण बघू. बीचमध्ये काही गडबड नाही झाली तर होऊन जाईल.”

मग तिनं वही उघडून प्रश्न विचारले. ताप आला की ओठावर फोड येतात का? नाही. साखर आहे का? नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या? नाही.

“सिगारेट, तंबाखू?”

“अगो बाय!” वेणू हसली. “तंबाखू आमच्याकडं बाप्ये खातात.”

हिमानीनं तिथे फुली मारली. ती फुली पुढे मला किती महाग पडणार होती, हे तेव्हा त्या खोलीत कुणालाच कळलं नाही.

वेणूच्या ओठाच्या शेजारी एकेक बाटली धरून पाहताना हिमानीचा हात माझ्यावर येऊन थांबला. गुलाबी नाही, डाळिंबी नाही, मी! माझ्यात तिनं थेंबभर गुलाबी मिसळला आणि नव्या कोऱ्या सुईचं पाकीट वेणूच्या डोळ्यांदेखत फोडलं. ओठाला बधिर करायचं मलम लावलं. यंत्र घूंघूं करायला लागलं आणि सुईच्या टोकावरून मी आत उतरलो, एकेक ठिपका करत. बाटलीतल्या आयुष्यात कसलंच दुखणं नव्हतं. इथे चारी बाजूंनी गरम रक्त, सुजलेलं मांस आणि आपण परके. वेणूनं पलंगाची कड घट्ट धरली होती, पण तिच्या तोंडून हूं की चूं नाही.

काम झाल्यावर तिच्या हातात आरसा दिला तेव्हा मात्र ती दचकली. “यो काय गो? कुंकूच लावला मना!”

“आज असाच लालभडक दिसणार,” हिमानीनं समजावलं. “उद्या-परवा अजून काळा होणार. मग पापुद्रा निघणार, आणि वाटेल सगळा रंगच गेला. घाबरायचं नाही. गेलेला नसतो. नवी स्किन वरती येते ना, तिच्याखाली झाकला जातो. तिसऱ्या-चौथ्या हफ्त्यात हळूहळू वर येतो. तोपर्यंत तिखट नाही, कढत चहा नाही, ऊन नाही, आणि हात तर बिलकुल नाही लावायचा.” हे सगळं तिनं एका कागदावर लिहून दिलं. जिज्ञासानं तो कागद घरी कपाटाच्या दारावर चिकटवला.

घरी आल्यावर सगळं हिमानी म्हणाली तसंच घडत गेलं. पहिल्या दिवशी ओठ सुजून कानवल्यासारखा झाला. दुसऱ्या दिवशी मी वाळक्या जांभळागत काळा पडलो. वेणू दूधभात खात होती, चहा गार करून नळीनं पीत होती आणि उकळून निववलेल्या पाण्याचा कापूस ओठावर अलगद टेकवत होती. कौसाबाई ओटीवरून बघायची. तिच्या कपाळावर आणि हनुवटीवर हिरवं गोंदण आहे, साठ वर्षांपूर्वीचं. “मना पन असाच काला पडलता,” ती म्हणायची. “हात नको लावूस.”

वेणूनं हात लावला नाही. निदान तिला तरी तसंच वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सूज उतरली. ती मोरीपाशी बसली, कंबरेच्या पिशवीतून एक पत्र्याची डबी काढली, बोटावर काळी पूड घेतली आणि दात घासायला लागली. मशेरी. तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजून त्याची केलेली पूड. बारा वर्षांची असल्यापासून ती रोज सकाळी मशेरी लावायची, आणि दोन दिवस खाडा झाल्यानं तिचं डोकं ठणकत होतं. बोट हिरडीवरून फिरायचं आणि प्रत्येक फेरीला ओठाच्या आतल्या कडेवर घासलं जायचं, बरोबर माझ्यावर. मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ सोसलं, पण तशी आग पुन्हा कधी झाली नाही. मला ओरडता येत नाही. वेणूलाही झोंबलं, पण तिला वाटलं ओठ भरून येतोय म्हणून झोंबतंय.

चौथ्या दिवशीही तेच, पाचव्या दिवशीही तेच. सहाव्या दिवशी खपली सुटली, अजून तयार नव्हती तरी. माझे कितीतरी कण तिच्याबरोबर गेले. ते चूळ भरलेल्या पाण्यातून मोरीत वाहून जाताना मी पाहिले. खाली राहिलेले आम्ही फिकट पडलो, आणि आमच्यावर नवी पातळ कातडी यायला लागली. बाहेरून बघणाऱ्याला आता चिंचोक्याच्या जागी पुन्हा पांढुरकं दिसत होतं, वर आतल्या कडेला लाल ओरखडा.

वेणूनं आरसा घेतला नाही. पाटावर बसून तिनं स्टीलच्या झाकणात तोंड पाहिलं आणि झाकण पालथं घातलं. हरिचंद्र दारातच उभा होता. “मी कोनाला काय बोलू आता,” तो म्हणाला, आणि दुपारी त्यानं नेवाळीच्या दुसऱ्या एका धवलारणीला हळदीसाठी सांगून टाकलं.  वेणूचा पदर पुन्हा तोंडावर आला. त्या पदराच्या अंधारात मला तिचा श्वास लागत होता, आणि ती ओठ घट्ट मिटून रडत होती, कारण रडताना ओठ ताणू नये असं कागदावर लिहिलं होतं.

आठव्या दिवशी जिज्ञासा तिला ओढतच कॅम्प एकला घेऊन गेली. हिमानीनं दिवा लावून ओठ पाहिला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

“हे तर घासलंय कोणीतरी. काकी, हात लावला?”

“आयशप्पत नाय.”

“तिखट? चहा?”

“काकीनं काय नाय खाल्लं, दीदी,” जिज्ञासा म्हणाली. “मी चोवीस तास नजर ठेवून होते.”

वेणू पलंगावरून उतरायला गेली, तशी कंबरेची पिशवी सुटली आणि पत्र्याची डबी टणकन फरशीवर पडली. झाकण उघडलं. काळी पूड सांडली.

“ये क्या है?”

“मशेरी. दात घासाची.”

हिमानीनं चिमूट उचलून वास घेतला. “काकी! ये तो तंबाखू है!”

“तंबाखू नाय गो, मशेरी हाय ती,” वेणूनं तिला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. “भाजलेली.”

 मग हिमानी खुर्चीत बसली आणि तिनं वहीतली ती फुली शोधून काढली. वेणू खोटं बोललेली नव्हती. तिच्या गावात तंबाखू म्हणजे चुना लावून गालात धरायचा तो. मशेरी म्हणजे दंतमंजन. आई लावायची, सासू लावते, आळीतल्या सगळ्या बायका लावतात, तिला व्यसन कोण म्हणेल? “माझी चूक आहे,” हिमानी म्हणाली. “मी नीट विचारलंच नाही.” तिनं त्याच पानावर ‘मशेरी’ असं मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या.

“आता परत भर,” जिज्ञासा म्हणाली. “चार हफ्ते आहेत अजून.”

“नाही भरता येत. कच्च्या स्किनवर सुई मारली तर डाग अजून वाढेल.” मग हिमानीनं वेणूचा हात हातात घेतला. “काकी, रंग सगळा गेलेला नाही. खाली आहे. किती वर येईल, मी सांगू शकत नाही. पण ही डबी आजपासून बंद. नाहीतर आहे तोही जाईल.”

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं? पण चाळीस वर्षांची सवय सोडणं म्हणजे काय, ते मी आतून पाहिलं आहे. सकाळ झाली की वेणूचं बोट आपसूक कंबरेकडे जायचं. डोकं फुटायचं, पोट साफ व्हायचं नाही, घरातल्यांवर वसवस करायची. एकदा तर तिनं डबी उघडून नाकाशी धरली आणि तशीच बसून राहिली. कौसाबाई ओटीवरून म्हणाली, “मी गोंदलं तवा खपली सुटली, आनि समदा गेला असा वाटला. चुलीम्होरं बसून रडले. आयशीनं दोनी हात फडक्यात बांधून ठेवलं. मंग आला वर.” वेणूनं डबी बंद केली. दुसऱ्या दिवशी तिनं ती रिकामी करून धुतली आणि तिच्यात सुया-दोरे भरले.

ते तीन आठवडे मी काय केलं, असं कुणी विचारलं तर उत्तर लाजिरवाणं आहे. मी काहीच केलं नाही. मी नुसता पडून होतो. वर कातडीचे थर येत होते, जात होते, दिवसेंदिवस पारदर्शक व्हायला लागले होते, आणि मी त्यांच्याखालून उजेडाची वाट बघत होतो. मला वाटतं, वाट बघण्यानं माणूस जेवढा दमतो तेवढा कामानं दमत नाही. रंगाचंही तसंच आहे.

चौथा आठवडा संपता संपता वेणू विहिरीवर पाणी भरत होती आणि शेजारीण म्हणाली, “अगो, तुजा व्हट बरा दिसतंय आज.” वेणू घरी आली, आरसा घेऊन अंगणात गेली आणि बराच वेळ उभी राहिली. मी वर आलो होतो. पूर्ण नाही. आतल्या कडेला, जिथे बोट घासलं जायचं तिथे, तांदळाच्या दाण्याएवढी जागा पांढरीच राहिली होती. तोंड मिटलं की ती दिसत नव्हती, उघडलं की दिसत होती. पण बाकी मी होतो. तिच्या ओठाच्या रंगाचा, तिथलाच असल्यासारखा. हरिचंद्रनं घाईघाईनं नेवाळीला फोन लावला आणि काहीतरी सबब सांगून दुसऱ्या धवलारणीला नको म्हटलं.

हळदीच्या दिवशी मांडवाच्या दारातच भागीरथी उभी होती. तिनं वेणूची हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवून पाहिलं. वेणूनं ओठ मिटून ठेवले होते. “आता कशी मानसात आली,” भागीरथी म्हणाली आणि बाजूला झाली. मला त्या दिवशी एवढा आनंद व्हायला हवा होता! सगळं आयुष्य फळीवर धूळ खात काढलेल्या रंगाला पहिल्यांदाच कुणीतरी पास केलं होतं. पण माझा जीव त्या तांदळाच्या दाण्यात अडकला होता. धवला मिटल्या तोंडानं गाता येत नाही. वेणूनं तोंड उघडलं की भागीरथीला दिसणार, आणि मग पाच आठवड्यांचं सगळं सोसणं पाण्यात.

वेणू नवरीसमोर बसली. तिनं ओठ अजून मिटलेलेच ठेवले होते. जिज्ञासानं ते पाहिलं. तिनं वाटीत हात घातला, मूठभर ओली हळद घेतली आणि कुणी काही म्हणायच्या आत काकीच्या तोंडाला कानापासून कानापर्यंत फासली, ओठांसकट. बायका हसल्या. मग काय, आगऱ्यांची हळद! पाच मिनिटांत मांडवात एक तोंड कोरडं राहिलं नाही. भागीरथीच्या तोंडालाही कुणीतरी फासली. सगळ्यांचे ओठ पिवळे.

आणि वेणूनं गायला सुरुवात केली. पाच वर्षं कोंडलेला आवाज माझ्या अंगावरून बाहेर पडला. गावदेवी आली, शेताचा राखणदार आला, मेलेले सासरे आले, एकेक नाव घेऊन तिनं सगळ्यांना आत बसवलं. जिज्ञासा रडत होती. मी हळदीखाली गाडलेला होतो. मला कुणी पाहिलं नाही. तांदळाचा दाणाही कुणी पाहिला नाही. सुईपासून एवढं सोसलं, पण माझं काम दारातल्या त्या दोन मिनिटांपुरतंच होतं, हे मला तेव्हा कळलं. वेणूलाही कळलं असावं. कारण गाणं संपल्यावर ती हसली आणि बराच वेळ हसत राहिली, दमलेलं माणूस हसतं तशी.

सुई लागल्यापासून आठ आठवड्यांनी हिमानीचा फोन आला. राहिलेली जागा भरायची आणि रंग पक्का करायचा, असं ठरलेलंच होतं. वेणू गेली, पण पलंगावर चढली नाही. तिनं लग्नाचे लाडू पुढे ठेवले. “नको गो पोरी, आता नको.”

“पण काकी, बाकीचा रंग पण दोन-तीन वर्षांत फिका होणार.”

“होऊ दे,” वेणू म्हणाली.

आणि मी होत गेलो. ऊन, मीठ, चहा, बोलणं. मशेरी तिनं पुन्हा लावली नाही, पण मी तसाही उतरणीला लागलो होतो. बोलावणी येत होती. माझ्याखालून पांढरं दिसायला लागलं तशी काही घरं पुन्हा गप्प झाली, काही झाली नाहीत. वेणू तोंडावर पदर न घेता जायची. ज्यांनी बोलावलं त्यांच्याकडे गायची, ज्यांनी नाही बोलावलं त्यांच्याबद्दल घरात चार शब्द बोलायची. ते शब्दही माझ्यावरूनच गेले, पण ते मी तुम्हाला सांगणार नाही.

गेल्या महिन्यात भागीरथी खरवईला आली. तिच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. चहा पिताना ती वेणूच्या ओठाकडे बघत राहिली आणि शेवटी बोललीच. “वयनी, धवल्याला तूच पायजेस. पन एकदा जाऊन रंग भरून ये ना. वांगनीला लोका नावा ठेवतात.”

वेणूनं कप खाली ठेवला. “भागी, मी येईन ती अशीच येईन. नको असंल तं आता बोल. मी घरी बसून दोन घास सुकानं खाईन.”

भागीरथी चहा अर्धा टाकून निघून गेली. चार दिवसांनी हरिचंद्रकडे निरोप आला, ये म्हणावं. एवढाच.

वांगणीच्या मांडवाच्या दारात भागीरथी पुन्हा उभी होती. या खेपेला तिच्या हातात हळदीची वाटी होती. तिनं कुणाला कळायच्या आत दोन बोटं बुडवून वेणूच्या खालच्या ओठावर, नेमक्या माझ्यावर, हळद लावली. नवऱ्या मुलाला अजून हळद लागायची होती. मांडवात कुणाचंही तोंड पिवळं नव्हतं. एकटी वेणू पिवळी, आणि तीही फक्त तेवढ्या जागी. भोवतीच्या बायका बघत होत्या.

वेणू दारात थांबली. तिनं पदराचं टोक घेतलं आणि सावकाश, चांगलं घासून, ओठ पुसला. मी पुसून जाणारा रंग नाही, पण त्या क्षणी गेलो असतो तरी मला चाललं असतं. मग ती आत गेली, नवऱ्या मुलासमोर बसली आणि तोंड उघडून गायला लागली. तिसरंच नाव तिनं भागीरथीच्या मेलेल्या बापाचं घेतलं. भागीरथी वाटी हातात धरून दारात उभी होती. थोड्या वेळानं ती आली आणि वेणूच्या शेजारी खाली बसली. तिनंही पदरानं तोंड पुसलं. तिथे हळद नव्हती.

मित्रांनो, मी अजून सहा-आठ महिने असेन. मग या जागी पांढरं असेल, पाच वर्षं होतं तसं. त्याचं मला दुःख नाही, मी फार दमलो आहे. तुमच्याकडे मागणं एवढंच. कुणाच्या जखमेवर नवी कातडी येत असेल तर ती ओढू नका, घासू नका, आणि ‘गेलं, सगळं गेलं’ म्हणून ओरडू नका. थोडी वाट बघा. आणि मी गेल्यावर ही बाई तुमच्या गावच्या मांडवात आली तर तिला आहे तशी पुढे बसवा. तेवढ्यासाठी माझ्यासारख्या कुणाला पुन्हा सुईच्या टोकावरून यावं लागू नये.